शब्दचर्चा : ‘हँडिकॅप’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘स्पार’ला?

कृष्णाकाठ (सांगली)
भाचा परदेशात शिडाच्या बोटींच्या शर्यतींत उतरतो. त्याचा लेख आमच्या दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. दोन दिवस एकाच वाक्यावर अडकलेय : ‘कार्बन फायबरचे स्पार बसवल्यावर आमचा हँडिकॅप ९६ वरून ९० वर आला.’ फोनवरच्या भाषांतराने ‘बोटीचे अपंगत्व कमी झाले’ असं दिलं. घरात सगळे हसले, पण मलाही पुढे सुचेना. ‘सूट’ चालेल?

माहुलीकर (सातारा)
अपंगत्वाचा अर्थ या शब्दाला फार उशिरा चिकटला. मुळात हा इंग्लंडातला १७व्या शतकातला अदलाबदलीचा खेळ, ‘हँड इन कॅप’, म्हणजे ‘टोपीत हात’. दोघांनी वस्तू बदलायच्या, तिसऱ्याने ठरवायचं की हलक्या वस्तूवाल्याने वर किती द्यायचे. आपल्याकडे बैलाला बैल बदलताना ‘वर काय देणार?’ विचारतात ना, तेच. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचं, म्हणजे सामना बरोबरीचा. म्हणून माझं मत ‘भार’.

मिरजवेस
‘लिंबूटिंबू’ म्हणा आणि मोकळे व्हा :)

माहुलीकर
लिंबूटिंबू बादच होत नाही. इथे धाकट्यालाही जिंकता येतं, फरक तो आहे.

कृष्णाकाठ
‘भार’ घेतला तर ९६ वरून ९० म्हणजे भार उतरला, चांगलं झालं असं वाटेल. भाचा तर कुरकुरतोय! त्यांच्याकडची पद्धत पीएचआरएफ. आकडा म्हणजे लागलेल्या वेळेतून दर सागरी मैलाला (१८५२ मीटर) किती सेकंद वजा मिळणार. दहा मैलांच्या शर्यतीत ९६ ला ९६० सेकंद मिळायचे, ९० ला ९००. म्हणजे नव्या स्पारपायी, शिडाच्या काठ्यांपायी, पूर्ण मिनिट गेलं. म्हणून मला ‘सूट’ बरा वाटतो : सूट घटली.

माहुलीकर
पण आयआरसी नावाची दुसरी पद्धत आहे, तिथे उलटं. लागलेल्या वेळेला गुणक लावतात; बोट जितकी जलद, तितका गुणक मोठा. तिथे तीच डोलकाठी बसवली की आकडा वाढतो. मग ‘सूट वाढली’ लिहाल?

पेठेतला
दोघांचंही अर्धंच आहे. आमच्या लहानपणी गोडेतेल सुटं मिळायचं. आपली बरणी एका पारड्यात ठेवली की दुकानदार दुसऱ्यात खडे टाकायचा, जास्त झाले की एखादा काढायचा, काटा मधे आला की मगच वजनं. याला ‘धडा करणे’ म्हणतात. धडा या पारड्यात पडेल नाहीतर त्या. काम एकच, खरी तुलना सुरू होण्याआधी भांड्याभांड्यातला फरक मिटवायचा. उरतं ते तेल. इथे उरते ती खलाशांची करामत. हँडिकॅप म्हणजे वेळेचा धडा.

मिरजवेस
आजच्या पोरांना धडा फक्त पुस्तकातला ठाऊक. ‘बोटीला धडा दिला’ वाचून त्यांना वाटेल, चांगलीच अद्दल घडवली.

पेठेतला
तर ‘वेळेचा धडा’ असं जोडूनच वापरा, पहिल्यांदा एक ओळ समजावून. शब्द न वापरल्यानेच मरतात.

काठीवाला (सातारा)
स्पारचं कुणी बोलेना. स्पार म्हणजे नुसती डोलकाठी नव्हे. शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, तीही त्यात आली. कोकणातलं ‘परबाण’ इथे लावू नका, ते शिडाला वरून धरतं.
आता काठी हलकी झाल्यावर मिनिट का कापतात, ते सासनकाठी नाचवलेल्याला सांगावं लागत नाही. चैत्रात जोतिबाला आमच्या जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीला पहिला मान. मी दुसऱ्या गावच्या काठीला खांदा दिलाय. बुंध्याला वजन असलं तर निभतं, पण शेंड्याचं तोरण भिजून जड झालं की काठी कलंडायला बघते आणि तोरण्या, म्हणजे ताणाचे दोर, धरणाऱ्यांच्या हाताला फोड येतात. बोटीचंही तेच : उंचावरचा एक किलो खालच्या कित्येक किलोंवर भारी पडतो. कार्बन फायबरची घनता साधारण १.६, ॲल्युमिनियमची २.७. काठी हलकी, तर बोट कमी कलते, वाऱ्यात जास्त शीड पेलते. फक्त ॲल्युमिनियम बरेचदा आधी वाकतं, कार्बन फारशी सूचना न देता कडकन मोडतं.

मिरजवेस
मग स्पारला ‘काठ्या’च की! कर्बतंतूच्या काठ्या.

कृष्णाकाठ
‘काठ्या’ घेतला. ‘कर्बतंतू’ नको, कार्बन फायबर आता क्रिकेटच्या हेल्मेटपासून सगळ्यांना माहीत आहे. वाक्य असं केलंय : ‘डोलकाठीसकट सगळ्या काठ्या कार्बन फायबरच्या केल्या, तर वेळेच्या धड्यातून मैलामागे सहा सेकंद काढून घेतले.’ संपादकांनी ‘धडा’खाली लाल रेघ मारून ‘पाठ?’ असं लिहिलंय. उद्या बरणी घेऊनच जाते त्यांच्याकडे.