नामकरण, नामांतर आणि ‘हुतात्मा’

प्रश्न : टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एका पोस्टाच्या इमारतीला संदीपसिंग धालीवाल यांचं नाव दिलं गेलं, त्यावरच्या मजकुराचं मराठी करतो आहे. धालीवाल हॅरिस काउंटीच्या शेरीफ खात्यात डेप्युटी होते. पगडी-दाढीसह गस्त घालणारे तिथले ते पहिले शीख. 27 सप्टेंबर 2019 रोजी त्यांनी एक गाडी थांबवली, चालकाशी बोलून ते आपल्या गाडीकडे परतत होते, तेवढ्यात पाठीमागून गोळ्या घातल्या गेल्या. मी मथळा दिलाय : ‘पोस्टाचे नामांतर, हुतात्मा उपनगरपालाचा सन्मान’. चालेल का?

उत्तर : ‘उपनगरपाल’ आधी काढा. शेरीफला मराठीत नगरपाल म्हणतात खरं, पण मुंबईचा नगरपाल म्हणजे मानाचं पद, त्याच्याकडे पोलिसी अधिकार नसतात. धालीवाल रस्त्यावर गस्त घालत होते. ‘डेप्युटी’ तसाच ठेवा आणि पुढे ‘शेरीफ खात्यातले पोलीस अधिकारी’ असं एकदा लिहा.

‘नामांतर’ मला खटकतं. अंतर म्हणजे दुसरं. आधीचं नाव जाऊन दुसरं आलं, तरच नामांतर. शिवाय मराठी कानाला हा शब्द कोरा नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा 1978 चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतरची जाळपोळ आणि माणसांचे गेलेले जीव, शेवटी 14 जानेवारी 1994 चा विद्यापीठाचा नामविस्तार, हे सगळं त्या एका शब्दामागे उभं राहतं. ह्यूस्टनला तसं काही घडलेलं नाही. अमेरिकेत असं नाव द्यायला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, कायदा करावा लागतो, इथला कायदा डिसेंबर 2020 मध्ये झाला. पण टपालखात्याच्या कामकाजात पोस्टाचं नाव आणि पत्ता आहे तोच राहतो. नाव मिळतं ते इमारतीला, आणि आत त्याची पाटी लागते. म्हणून ‘नामकरण’ म्हणा, किंवा सरळ ‘नाव दिले’.

प्रश्न : आणि ‘हुतात्मा’? ते बदलायला मन धजत नाही.

उत्तर : बदलू नका. मात्र शब्द जरा जवळून पाहू. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. ज्यानं स्वतःची आहुती दिली, तो हुतात्मा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती नुसती काठी होती. समोरच्या रायफलची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. तिथे हा शब्द तंतोतंत बसतो. धालीवालांना तर मृत्यू समोर दिसलासुद्धा नाही, मग आहुती कुठली, असं कुणी विचारील. माझं मत असं, की ती आहुती रोज ड्यूटीवर निघतानाच दिलेली असते. लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला 1959 साली मारल्या गेलेल्या जवानांसाठी 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळतात. त्या दिवशी वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्या सगळ्यांची नावं वाचली जातात. कोण कसा गेला, यावर तिथे प्रतवारी लावत नाहीत.

‘धारातीर्थी पडले’ मात्र इथे नको. धारा ही तलवारीची, तिथे लढाई लागते. ‘शहीद’ चालेल, मूळ अरबी अर्थ साक्ष देणारा. पण ‘हुतात्मा’ हाताशी असताना मी तोच घेईन.

मथळा असा करून पाहा : ‘ह्यूस्टनच्या पोस्टाच्या इमारतीला हुतात्मा डेप्युटी धालीवाल यांचे नाव’.