मदत हवी आहे : परदेशी साइटवर कार्डचा पत्ता जुळत नाही

मंडळी, बाबांच्या जुन्या शिलाई मशीनचा एक सुटा भाग नाशकात मिळेना. मेन रोड, भद्रकाली पालथं घातलं. शेवटी अमेरिकेतल्या एका दुकानाच्या साइटवर सापडला, पण ऑर्डर जातच नाही. दर वेळी ‘बिलिंग पत्ता जुळत नाही’ एवढंच उत्तर, आणि पैसे मात्र कार्डावर अडकून पडतात.

तिकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये पत्त्यातले आकडे आणि पिनकोड कार्ड देणाऱ्या बँकेकडून ताडून बघतात, एवढं कळलं. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची, म्हणून ओटीपीवर भागतं. इथे तर ओटीपी येतच नाही!

बँकेतला माझा पत्ता ‘दत्तमंदिर रोड, मारुती मंदिरामागे, नाशिकरोड ४२२१०१’ असा. त्यांच्या फॉर्ममध्ये पिनला पाचच घरं, सहावा आकडा बसत नाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे, लिमिटही भरपूर आहे. बँक म्हणते दुकानाला विचारा, दुकान म्हणतं बँकेला.

भारतीय कार्डावर अशी खरेदी जमलेल्यांनी पिनचं काय केलं? एकाने तिथलाच कुठलातरी पत्ता ठोकून द्यायला सांगितलं, ते मला अजिबात पटत नाही. दुकानाला मेल केला तर ही तपासणी वगळून ऑर्डर घेतात का? की पेपलने पैसे भरणं सोपं? बाबा रोज विचारतात हो, कृपया अनुभव असेल तर नक्की सांगा.