जपानी शिकायला डोळे झाकून पुणं? जरा उघडा की डोळे

टिळकवाडीची लेक
परवा निपाणीच्या एका दादांनी इथं, आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपवर, ठोकून दिलं: "बारावी झालेल्या आपल्या पोरांनी जपानी, कोरियन शिकायचं तर डोळे झाकून पुणं गाठावं. कर्नाटकात अडकलेल्या मराठी गावांचा, म्हणजे सीमाभागाचा दाखला आहे, सवलत आहे, भाषा आपली आहे. बेंगळुरूला जाणं म्हणजे पैसे मोजून परकं होणं." खाली नुसत्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी डोळे झाकूनच गेले होते पुण्याला. 'एका वर्षात एन-३' अशी पाटी (जपानीच्या परीक्षेच्या पायऱ्या एन-५ ते एन-१, एन-१ सगळ्यांत वरची), जिना चढून वर एक खोली, चाळीस जणं, आणि शिकवणारी ताई स्वतःच नुकतीच एन-३ झालेली. डिसेंबरात एन-४ काढली, घरी कुंदा वाटला. पुढं एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या जपानी गृहस्थांनी हसून विचारलं, तुमच्या गावात खायला काय चांगलं मिळतं? मला कुंदा माहीत, दूध माहीत, साखर माहीत, वाक्य काही जुळेना. जुळणार कसं? जेएलपीटीत, म्हणजे या एन-वाल्या परीक्षेत, बोलायचंही नसतं न् लिहायचंही नसतं, पर्यायांतला एक गोल काळा करायचा असतो. क्लासनं आम्हाला गोल काळे करायला शिकवलं.

तेव्हा 'पुणं' म्हणजे नेमकं कुठलं ते आधी सांगा. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले सर्टिफिकेट-डिप्लोमाचे वर्ग बहुतेक जण दुसरं शिक्षण किंवा नोकरी सांभाळून करतात. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी घेऊन बीए-एमए करता येतं. आणि तिसरे ते जिन्यावरचे. तिन्ही एकाच पिशवीत कोंबून 'पुणं गाठा' म्हणायचं? दिल्लीच्या जेएनयूत चिनी, जपानी, कोरियन तिन्हींचं बीए ऑनर्स आहे, शिकवणीची फी आपल्या इथल्या ट्यूशनवाल्याला लाज वाटेल इतकी कमी. हैदराबादला ईएफएलयू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. त्यांचं नाव कुणी काढत नाही, कारण तिथं दाखला चालत नाही!

मी आज कॉलेज निवडलं असतं तर एवढंच विचारलं असतं: आठवड्याला भाषेचे तास किती, आणि त्यातले बोलायचे किती.

निपाणीचा दादा
ताई, तुम्ही भामट्याच्या क्लासात गेलात त्यात पुण्याचा काय दोष? आणि 'परकं होणं' तुम्हाला टोचलं म्हणून सांगतो. आमच्या जमिनीचा उतारा कन्नडात, बसची पाटी कन्नडात, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावर आजोबांनी शिव्या घातल्या, बापानं २००४ सालापासून सुप्रीम कोर्टातल्या सीमाप्रश्नाच्या तारखा मोजल्या. महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांतल्या पोरानं तीन वर्षं तरी आपल्या भाषेत जगावं म्हटलं तर एवढा राग? तो दाखला काढायला मी एका कार्यालयात सहा खेपा घातल्यात. फुकट मिळत नाही तो.

उद्यमबाग फाउंड्री
काय सांगायलासा ओ तुम्ही दोघं. नुसती भाषा घेऊन बीए करून पोटाला काय बांधायचं? डिप्लोमा मेकॅनिकल करा, संध्याकाळी जपानी करा. आमच्या गल्लीतली पोरगी नर्सिंग केली, एन-४ काढली, केअरगिव्हरची वेगळी परीक्षा दिली आणि गेली जपानला. २०१९ पासून त्यांनी तसला व्हिसा काढलाय. डिग्री कुठली म्हणून कोण विचारलं नाही तिला. कॉलेज कॉलेज करून पाच लाख घालवायचे आणि शेवटी कॉल सेंटरला बसायचं.

टिळकवाडीची लेक
काका, तिला विचारलं नाही, कारण तो कुशल कामगारांचा व्हिसा. ऑफिसात बसून दुभाष्याचं काम करायचं तर सहसा पदवी लागते, कुठलीही चालते. तेवढ्यापुरतं तुमचं मेकॅनिकल बरोबर, मान्य, पण डिप्लोमा नव्हे, डिग्री. पण जपान सरकारची एक वर्षाची जपानी-अभ्यासाची शिष्यवृत्ती असते, ती विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय असणाऱ्यालाच मिळते. संध्याकाळच्या क्लासवाल्याला नाही.

यंदा बारावी
मला कोरियन करायचंय. कुणी सांगेल का कुठं?

खानापूर ते बेंगळुरू
मी घरात मराठी, शाळा कन्नड. बेंगळुरूला राहून नोकरी करत जपानी शिकलो, एन-२ झालो. परका वगैरे काही झालो नाही. उलट कन्नडचा जो फायदा झाला तो पुण्यात कुणी सांगणार नाही. कन्नडात 'बर्तीनि अंत हेळिद', जपानीत 'कुरु तो इत्ता'. 'अंत'च्या जागी 'तो' ठेवला की झालं. 'निन्ने बंद मनुष्य' म्हणजे 'किनो किता हितो', शब्दाला शब्द. कोरियनमध्ये तर बापाला 'अप्पा'च म्हणतात.

निपाणीचा दादा
आणि 'येतो म्हणून सांगितलं' हे काय आहे? 'काल आलेला माणूस' हे काय आहे? तुमच्या कन्नडनं नवीन काय केलं? आणि आप्पा आमच्या घरातही आहेत, सकाळी पेपर वाचत बसतात.

खानापूर ते बेंगळुरू
तेच म्हणतोय! हिंदीवाल्याला 'उसने कहा कि' असं उलटं लागतं. मराठीत 'म्हणून' वाक्याच्या मागं कसं आलं, कुणाच्या शेजारानं आलं, विचारा की एखाद्या भाषावाल्याला.

निपाणीचा दादा
झालं! म्हणजे आता आमचं 'म्हणून'सुद्धा कर्नाटकचं. दर १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, हेच ऐकतो, आता जपानी शिकतानाही ऐकायचं. तुमच्यासारख्यांमुळेच...

खानापूर ते बेंगळुरू
माझ्यासारखे म्हणजे कोण? पूर्ण लिहा ना. माझी आई खानापूरच्या मराठी शाळेत बाई होती. मला घरातून हाकलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

वडगावचा विणकर
तुम्ही दोघं तिकडं चौकात जाऊन भांडा. मी चिनी शिकायलोय. मला ना तुमचं 'म्हणून' उपयोगी, ना 'अंत'. क्रियापद मधेच येऊन बसतंय, वर चार सूर. 'मा' म्हटलं की आई, सूर चुकला की घोडा. मास्तरीण म्हणते, बेळगावकर सगळेच चढ्या आवाजात बोलता, एकच सूर.

उद्यमबाग फाउंड्री
ते मात्र खरं हाय.

टिळकवाडीची लेक
दादा, तुमच्या दाखल्याबद्दल एक. महाराष्ट्रात सीमाभागासाठी राखीव जागा असतात, त्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मी स्वतः पाहिल्यात, धाकटा भाऊ तसाच लागला. जपानीच्या बीएला किंवा सर्टिफिकेट कोर्सला तीच सवलत मिळते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

निपाणीचा दादा
माझा पुतण्या इंजिनिअरिंगलाच लागला होता. जपानीचं विचारायला हवं होतं, बरं. घ्या, कुंदा वाटा. पण पुण्यात जपानी शिकवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जुलै-डिसेंबरची परीक्षा तिथं होते, हे तर नाकारणार नाही ना?

खानापूर ते बेंगळुरू
परीक्षा बेंगळुरूलाही होते. पण शिक्षक पुण्यात जास्त, हे देतो तुम्हाला. 'म्हणून' देत नाही.

यंदा बारावी
ताई, मी कोरियनचं विचारलं होतं. 😐

टिळकवाडीची लेक
चुकलं गं बाळा, सॉरी. पदवीच हवी तर जेएनयू पहिलं. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फॉर्मची तारीख चुकवू नकोस. कोरियन भाषेची परीक्षा टोपिक, तिचे सहा स्तर, नुसत्या पहिल्या-दुसऱ्यावर कामाचं फारसं काही होत नाही. अक्षरं आठवड्यात येतील तुला, त्यावर फार उड्या मारू नकोस. आणि कुठल्याही कॉलेजात प्रवेश घ्यायच्या आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला गाठ आणि म्हण, दोन मिनिटं कोरियनमध्ये बोल. ती बोलली तर पैसे भर.

निपाणीचा दादा
आणि तरीही दाखला काढून ठेव. सहा खेपा लागतात, आत्तापासून सुरू कर.