वक्तशीरपणा नेमका कुठे मोजायचा?

वक्तशीरपणाची टक्केवारी वाढली म्हणजे रेल्वेची सेवा सुधारली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीची वेळ शेवटच्या स्थानकावर पाहतात, तीही १५ मिनिटांची सवलत धरून. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा वेळ ठेवलेला असतो. त्यामुळे वाटेत बराच वेळ रखडलेली गाडीसुद्धा कागदावर वेळेवर ठरू शकते. मनमाडला किंवा दौंडला पहाटे लहान मुलं घेऊन फलाटावर ताटकळणाऱ्यांचा उशीर त्या आकड्यात येतच नाही! ब्रिटनमध्ये २०१९ पासून नोंद होणाऱ्या प्रत्येक थांब्यावरचा वक्तशीरपणा मोजतात, सवलत फक्त एका मिनिटाची. इथेही निदान मोठ्या जंक्शनांपासून सुरुवात करावी.

प्रवाशांच्या समाधानाचंही तेच. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर किंवा 'रेल मदद' या तक्रार पोर्टलवर तक्रार करणाऱ्याचं म्हणणं नोंदवलं जातं, पण जनरल डब्यात दाराशी लोंबकळणारा तक्रार करणार कधी? धावत्या गाडीत त्याच्यापर्यंत जाऊन विचारायला हवं: पाय ठेवायला जागा मिळाली का, संडासात पाणी होतं का, बायकांना रात्री सुरक्षित वाटलं का. आणि उत्तरं गाडीनिहाय जाहीर व्हायला हवीत.