मोठ्या बाबांची खोली साफ करायची आहे. नागपूरहून माणसं बोलवावी की आपणच करावं?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. गाव आर्वी तालुक्यातलं. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, एकटेच राहत. मोठी आई जाऊन सहा वर्षं झाली, दादा पुण्याला. मागच्या आठवड्यात पारा ४५ वर होता, त्यामुळे तीन दिवस ते पारावर दिसले नाहीत तरी कोणाला काही वाटलं नाही. उन्हाचे घरात पडून असतील, असंच सगळे म्हणत राहिले. दूध घालणाऱ्या पोराला खिडकीच्या जाळीवर माशा दिसल्या, त्याने पोलीस पाटलाला सांगितलं. पोस्टमार्टेममध्ये हार्ट अटॅक निघाला. तिथूनच परस्पर मोक्षधामावर नेलं.

आता खोली. बाहेरच्या सपरीत शहाबादी फरशी आहे, पण ते झोपायचे त्या मधल्या घरात माती, शेणाने सारवलेली. नेवारीची बाज, त्यावर घरच्या कापसाची गादी. जे काही होतं ते गादीतून नेवारीत आणि नेवारीतून खाली उतरलं. बाजेच्या चार पायांच्या मधोमध परातीएवढा काळा डाग आहे, कडेला अजून चकाकतो. तेवढं पाहिलं आणि उलट्या पावली अंगणात येऊन ओकलो.

गावात सल्ले लय. एका नातेवाइकाने तर नाव घेऊन सांगितलं, “त्याले पाचशे रुपये अन् एक क्वार्टर दे, संध्याकाळलोक खोली साफ.” तो माणूस आमच्या वावरात डवरणीला येतो. टाचा भेगाळलेल्या, पायात चप्पल नाही, घरी दोन लहान पोरं. जे मला दारातून पाहवलं नाही, ते त्याने दारू पिऊन उघड्या हाताने उचलायचं? नाही म्हटलं तर “शिकला म्हणून माजला” हे ऐकून घ्यावं लागलं.

नागपूरची एक एजन्सी फोनवर ३८ हजार सांगून राहिली. दादा म्हणतो देऊन टाकू. पण हे लोक नेमकं काय करतात? आणि रोगाची भीती खरी किती? तेरवी पुढच्या गुरुवारी आहे, बायका त्याच घरात चूल मांडायचं म्हणतात.

निवृत्त_आरोग्यसेवक

भाऊ, वाईट झालं. ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, म्हणून बोलतो.

पंचनामा झाला असेलच, तरी ठाण्यात विचारून घ्या. मर्गचा (अकस्मात मृत्यूचा) तपास चालू असताना खोलीतली वस्तू हलवली तर उगाच उत्तरं देत बसावं लागतं.

वासाने रोग होत नाही. हार्ट अटॅकने गेलेल्या माणसामुळे गावात साथ पसरत नसते, हे बायकांना आधी सांगा. भीती आहे ती रक्ताची आणि अंगातल्या पाण्याची, तीही आपल्या हाताला चीर असली, डोळ्यात थेंब उडाला, सुई टोचली तर. एचआयव्हीचा विषाणू बाहेर वाळला की फार टिकत नाही. हिपॅटायटीस बी मात्र वाळलेल्या डागातही ७ दिवस जिवंत राहू शकतो. मोठ्या बाबांना काय होतं, काय नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आहे असंच धरून चालायचं.

एक विचारतो. त्यांना शुगर होती का? इन्सुलिन घेणारी म्हातारी माणसं सिरिंज गादीखाली सारून ठेवतात. गादीखाली हात घालू नका, चिमट्याने उचला. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्या. टोचलीच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी.

औषध म्हणाल तर ग्रामपंचायतीत विहिरीसाठी येते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी असेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम टाकली की १ टक्क्याचं द्रावण होते. प्लास्टिकची बादली घ्या, द्रावण रोजचं रोज करा. उघड्या पोत्यातली नको, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. आणि नुसतं डागावर ओतून फायदा नाही, घाणच क्लोरीन खाऊन टाकते. आधी ओलसर जुन्या कापडाने उचला, फरशी थंड पाण्याने निरम्याने धुवा (गरम पाण्याने रक्त बसते), मग नवं द्रावण ओतून अर्धा तास तसंच ठेवा. कोरडा झाडू अजिबात मारू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, टीसीएलसोबत संडासाचं ॲसिड वापरू नका. चकाचक व्हावं म्हणून लोक दोन्ही ओततात आणि बंद खोलीत क्लोरीन वायूने गुदमरतात.

मातीची जमीन काही केल्या निर्जंतुक होत नाही. ती खोदून काढायची. डागाच्या कडेपासून वीतभर जास्त, खाली ओल लागणं थांबेपर्यंत.

कापूसकोंडा

एवढा तमाशा कशाला भाऊ? गोमूत्र शिंपडा, धूप घाला, दोन दिवस दार उघडं ठेवा. आमचे आजोबा असेच गेले होते, काही झालं नाही कोणाला.

निवृत्त_आरोग्यसेवक

आजोबा गेले त्या दिवशीच उचलले असतील. इथे मे महिन्यातले तीन दिवस आहेत.

वर्धेची_लेक

मी या कामाला माणसं बोलावली आहेत, म्हणून लिहिते. बाबांच्या दुकानात अपघात झाला होता, कारण नको विचारू.

पहिल्यांदा आलेले लोक फॉगिंग मशीन, फिनाइल आणि गुलाबाच्या वासाचा स्प्रे घेऊन आले. दोन तासांत पैसे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर तोच वास, वरून गुलाब. तेव्हा कळलं की वास हवेत नसतो, जिथे मुरला तिथे असतो. तो भाग काढल्याशिवाय जात नाही.

माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात आहे. तिथे हा स्वतंत्र धंदा आहे आणि अशी सफाई करणाऱ्याला राज्याच्या आरोग्य खात्यात नोंदणी करावी लागते. आपल्याकडे बरेचदा पेस्ट कंट्रोलवालेच हे काम घेतात, म्हणून परीक्षा आपणच घ्यायची. मी दुसऱ्या वेळी फोनवरच विचारलं, कामाला येणाऱ्या मुलांना हिपॅटायटीस बीचे तिन्ही डोस झालेत का? एकाने फोनच ठेवला. जो “मालक, दोघांचे झालेत, तिसऱ्याला आणणार नाही” म्हणाला, त्याला काम दिलं. कचरा कुठे नेता, हेही विचार. आमच्यावाल्यांनी पिवळ्या पिशव्या दुहेरी बांधल्या आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या केंद्राची पावती नंतर पाठवली. ती पावती नसेल तर गादी तुझ्याच गावाबाहेरच्या नाल्यात सापडेल. वास घालवायला ओझोन मशीन लावणार म्हणाले तर सगळं उचलून झाल्यावरच लावू दे, आणि तेव्हा घरात माणूस काय, कोंबडीही नको. छातीला वाईट असतो तो.

३८ हजारांत माती खोदणं आहे का, ते लिहून घे. बहुतेक नसेल.

धुऱ्यावरचा

काकाजी, शुगर होती. इन्सुलिन होतं.

ताई, तुम्ही म्हणाल्या तसं विचारलं. खोदकाम नाही म्हणाले, पावतीचं “पाहू” म्हणाले. सोडून दिलं त्यांना. दुसरा एक मिळाला, फक्त गादी, बाज, कपडे उचलून नेणार आणि पावती देणार. माती आम्ही काढू. ती पुरायची कशी?

निवृत्त_आरोग्यसेवक

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत खेड्यापाड्यासाठी जे माप आहे तेच धरा. खड्डा २ मीटर खोल, अर्धाच भरायचा, वरून चुना, मग माती. विहीर, बोअर, नाला जवळ नको. गादी राहिली तर पऱ्हाटीवर टाकून जाळू नका, धूर सगळ्या वस्तीवर जाते.

फवारणीचे गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चालतील, पण नवे घ्या. जुन्यांवर औषध बसलेलं असते. तोंडाला गमछा नाही, एन-९५. पहाटे पाचला सुरू करा, २० मिनिटांच्या वर आत थांबू नका. या उन्हात त्या कपड्यांत माणूस आधी उष्माघाताने पडते.

धुऱ्यावरचा (सहा दिवसांनी)

झालं. नागपूरची दोन पोरं आली, दोन तासांत गादी-बाज बांधून नेली. गादीखाली ११ सिरिंज निघाल्या. काकाजी, तुम्ही बोलला नसता तर मी हातच घातला असता. उशाखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, बँकेचं पासबुक आणि मोठ्या आईचा एक फोटो होता. पिशवीवरच डाग, आत सगळं कोरडं. पासबुक, सातबारा नवे निघतील म्हणून दादाने कचऱ्यात द्यायला सांगितलं, फोटो मात्र मोबाइलवर काढून घेतला आणि मूळही ठेवला.

माती दादाने अन् मी काढली, दीड हात खोल जावं लागलं. ज्याच्यासाठी क्वार्टर ठरली होती, तो वावरातला खड्डा खणायला स्वतःहून आला. त्याला गमबूट दिले, घरात येऊ दिलं नाही आणि नेहमीपेक्षा दुप्पट रोजी दिली. जाताना बूट ठेवून जाऊ लागला, म्हटलं असू दे.

तेरवी शेजारच्या काकूंच्या अंगणात केली. खोलीत नवा मुरूम टाकला आहे. दार अजून उघडंच आहे.