सल्ला हवा: दोन सर्व्हर, डेटा दोन्हीकडे सारखा, बजेट दीड लाख (लातूर)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूरला एका डाळमिलमध्ये आयटी बघतो. म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. रिफर्बिश्ड घेतलेले दोन रॅक सर्व्हर आहेत, प्रत्येकी ६४ जीबी रॅम, वर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारं सॉफ्टवेअर). तिसरा एक जुना डेस्कटॉप, १६ जीबीचा. सहा व्हीएम: टॅली, वजनकाटा, फाइल सर्व्हर, हजेरी आणि दोन किरकोळ. सगळा डेटा मिळून ९०० जीबी.

तुरीच्या सीझनला, ऐन फेब्रुवारीत एका सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. नेमका काटा त्याच्यावरच. बॅकअप होता, पण रिस्टोअरला चार तास लागले आणि गेटबाहेर गाड्यांची रांग. मालक काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची टाकून माझ्यामागे बसून राहिले.

आता एक गेला तर दुसऱ्यानं उचललं पाहिजे. सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा), डीआरबीडी (प्रत्येक लिखाण लगेच दोन्ही सर्व्हरवर) की झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टीम, ठरावीक वेळानं दुसरीकडं कॉपी)? बजेट दीड लाख, जीएसटीसकट.

वाळूज_नाइटशिफ्ट
सेफ. डोळे झाकून सेफ. आमच्याकडे पाच नोड (म्हणजे सर्व्हर), प्रत्येकात चार एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), २५ गिगाबिटचा स्विच. चालू शिफ्टमध्ये एक नोड मी हातानं बंद करून दाखवला, प्लँट हेडला पत्तासुद्धा नाही. खर्च साडेअठरा लाख आला, पण एकदाच.

मांजराकाठ
दादा, दीड लाख लिहिलंय.

वाळूज_नाइटशिफ्ट
मालकाला समजावा. स्वस्तातलं शेवटी महागात पडतं.

गोदाकाठ
एवढं डोकं कामून खपवायचं? चार डिस्कचा एक नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) घ्या, एनएफएसनं (नेटवर्कवरूनच) दोन्ही सर्व्हरला जोडा, विषय संपला. आमच्या नांदेडच्या ऑफिसात चार वर्षं झाली, हात लावायची वेळ आली नाही. मी तर आता घरीबी तसलाच घेऊलालो, फोटो ठेवायला.

सर्व्हरकाका_परभणी
आणि तो नॅसच बसला की? दोन्ही सर्व्हर धडधाकट उभे, अन् व्हीएम एकही नाही. दोन बैल आणि एकच जू, तेही मोडकं.

सेफबद्दल. वाळूजकरांचं चूक नाही, पण ते त्यांच्या पैशांत बरोबर आहे. सेफला निदान तीन नोड लागतात, तेही जवळपास सारखे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या, म्हणजे विकत घेतलेल्या जागेचा एक तृतीयांश हाती येतो. प्रत्येक डिस्कमागे चारेक जीबी रॅम धरायची. तुमचा १६ जीबीचा डेस्कटॉप तिथंच धापा टाकेल. नेटवर्क १० गिगाबिटचं हवं. एक गिगाबिटवर सेकंदाला कसेबसे ११० एमबी जातात, त्यातच व्हीएमचं लिहिणं आणि त्यातच प्रती.

आणखी एक. साधे घरगुती एसएसडी घालू नका, मग काहीही निवडा. सेफ काय, डीआरबीडी काय, डिस्कला म्हणतं ‘खरंच लिहिलं का ते सांग’. ज्या एसएसडीत लाइट गेल्यावर हातातलं लिहून काढण्यापुरते कपॅसिटर असतात, त्या लगेच हो म्हणतात. बाकीच्या प्रत्येक वेळी अडखळतात. डब्यावर सेकंदाला ५०० एमबी छापलेलं असतं, प्रत्यक्षात गोगलगाय. मी एकदा पैसे वाचवायला गेलो होतो, त्या एसएसडी आता मुलांच्या लॅपटॉपमध्ये आहेत.

बीडचा_बाळू
मपलं ग्लस्टर (तेबी सेफसारखंच, सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारं) २०१९ पासून चालूय. दोन नोड, फुकटात. कोणी ग्लस्टरचं नावच घेईना.

वाळूज_नाइटशिफ्ट
नाव कोण घेणार? रेड हॅट कंपनीनं २०२४ च्या शेवटी त्याचा सपोर्ट थांबवला, प्रॉक्समॉक्सनंही ९ व्या आवृत्तीत काढून टाकलं. नवीन कोणी त्यात पडू नये.

बीडचा_बाळू
मी अपडेटच करत नाही. चालतंय ना?

पैठणगेट
प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअर का नको? आम्ही सगळं त्यावरच शिकलो.

सर्व्हरकाका_परभणी
२०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचं लायसन्स विकणं बंद झालं, आता वर्गणी. दीड लाखाच्या माणसाला तो रस्ता दाखवू नका.

जालन्याची_सळई
स्टोरेजचं नंतर बोला. तुमच्या काट्याची वायर कुठं जाते ते आधी बघा.

आमच्या मिलमध्ये डीआरबीडी बसवलं होतं. दोन सर्व्हर, प्रत्येक लिखाण दोन्हीकडे पोचल्याशिवाय पुढं जायचं नाही, एकदम चोख. एका दुपारी पहिला सर्व्हर गेला, दुसऱ्यानं दीड-दोन मिनिटांत व्हीएम उचलली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. काट्यावरून फोन: स्क्रीनवर वजन शून्य. इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) सिरियल केबल यूएसबी कन्व्हर्टरनं पहिल्या सर्व्हरच्या मागं खोचलेली. व्हीएम इकडं आली, वायर तिकडंच. शेवटी पळत जाऊन काढून इकडं लावली, तर पोर्टचा नंबर बदललेला. अर्धा तास गेला.

आता सिरियल टू लॅनचा डबा लावलाय. वजन नेटवर्कवरून येतं, व्हीएम कुठंही असो. चार हजारांच्या आत काम झालं.

मांजराकाठ
अरे देवा. आमची पण यूएसबीच आहे. हे डोक्यातच नव्हतं आलं.

गोदाकाठ
जालन्यात तुमच्या भट्ट्यांनी व्होल्टेज एवढं नाचतं, तिथं सर्व्हर टिकतातच कसे?

जालन्याची_सळई
सर्वो स्टॅबिलायझर, त्यामागं ऑनलाइन यूपीएस. नांदेडला काय लाइट जात नाही का?

गोदाकाठ
जाते की. पण आमची सरळ जाते, नाचून जात नाही.

बीडचा_बाळू
आमच्याकडं येते कधी ते विचारा. स्टॅबिलायझर कुणाचा घेतलाव?

सर्व्हरकाका_परभणी
स्टॅबिलायझरला वेगळा धागा काढा.

मांजराकाठ, तुमच्यासाठी झेडएफएस आणि प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी). दर १५ मिनिटांनी बदललेला भाग दुसरीकडं जातो. पाहिजे तर दर मिनिटाला करता येतं. रेड (RAID, डिस्क एकत्र करणारं) कार्ड असेल तर ते एचबीए मोडमध्ये टाका, झेडएफएसला डिस्क सरळ दिसायला हव्यात. डेस्कटॉपवर क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवा. दोनच मतं असली की एक मेल्यावर उरलेल्याला बहुमत मिळत नाही आणि तो नवीन व्हीएम सुरूच करू देत नाही. मग एचए (एक सर्व्हर मेला की दुसऱ्यावर व्हीएम आपोआप उठवणं) चालू करून निवांत झोपा.

जालन्याची_सळई
काका, निवांत कसलं? शेवटच्या फेरीनंतर लिहिलेलं जातं ना. पावती क्रमांक ४५१७ छापून गाडीवाला निघून गेला. सर्व्हर गेला. दुसरीकडं व्हीएम उठली ती ४५११ वर. आता पुढच्या गाडीला ४५१२ निघणार, आणि त्याच नंबरची पावती आधीच कुणाच्या तरी खिशात आहे. हिशोबाच्या वेळी भांडण. म्हणून म्हणतो, डीआरबीडी.

सर्व्हरकाका_परभणी
मुद्दा बरोबर आहे. पण दोन नोडांच्या डीआरबीडीत मधली केबल निखळली आणि दोघंही स्वतःला मालक समजून लिहीत सुटले, तर दोन वेगळे डेटा तयार. कुठला ठेवायचा, कुठला फेकायचा हे रात्री दोनला ठरवून बघा एकदा.

वाळूज_नाइटशिफ्ट
सेफमध्ये हे दोन्ही प्रॉब्लेम येत नाहीत. मी आधीच सांगितलं होतं.

मांजराकाठ
चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. ऑर्डर दिली.

सामायिक स्टोरेज (सेफ, डीआरबीडी, नॅस) घेत नाही आणि एचएही लावत नाही. काका रागावतील. कपॅसिटरवाल्या चार एसएसडी, दोन्हीकडं दोन-दोनचा झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तेच). दोन सर्व्हरमध्ये १० गिगाबिटची सरळ केबल, स्विच नाही. रेप्लिकेशन काट्याचं दर मिनिटाला, बाकीचं पंधरा. डेस्कटॉपवर क्यूडिव्हाइस आणि बॅकअप. जालन्याच्या दादांचा सिरियल टू लॅनचा डबा. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या. सगळं मिळून एक लाख एकतीस हजार.

सर्व्हरकाका_परभणी
रागावलो नाही, पण एचए का नाही? फुकट आहे.

मांजराकाठ
काका, आपोआप उठलेला काटा पावतीचा नंबर विसरून उठेल आणि कुणाला कळणारही नाही. त्यापेक्षा माणसानं उठवलेला बरा. काटा रात्री बंदच असतो, दिवसा मी मिलमध्येच असतो. मी नसलो तर काट्यावरच्या मामांसाठी कागद चिकटवलाय: मेलेल्या सर्व्हरची लाइटची वायर आधी उपटायची, मग मला फोन. मी घरून त्या नोडच्या फोल्डरमधली व्हीएमची कॉन्फिग फाइल दुसऱ्या नोडच्या फोल्डरमध्ये हलवणार, व्हीएम चालू करणार आणि पहिली गाडी घेण्याआधी पावती क्रमांक शंभरनं पुढं ढकलणार. मधल्या पावत्या स्थळप्रतीवरून हातानं भरायच्या. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामांना घेऊन सध्याच्याच डिस्कवर, काट्याच्या कॉपीवर करून बघितलं, अकरा मिनिटं लागली. त्यातली चार मिनिटं मामा चुकीची वायर उपटत होते. आता वायरींना लाल आणि हिरवी टेप लावलीय.

वाळूज_नाइटशिफ्ट
अकरा मिनिटं? आमच्याकडे अकरा सेकंदही नाही.

जालन्याची_सळई
शंभरनं पुढं ढकलायचं मी पण चोरतो.

गोदाकाठ
नॅस घेतला असता तर आत्तापर्यंत बसवूनबी झाला असता.

बीडचा_बाळू
जुन्या डिस्क निघाल्या असतील ना? विकायच्या असतील तर सांगा, ग्लस्टरमध्ये जागा कमी पडायलीय.