खरी परीक्षा सप्टेंबरात असते

परदेशातील उन्हाळ्यात जुळलेले प्रेम विमानतळावरच संपते, हे मत मला मान्य नाही. माझी भाची परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन येथे शिकायला गेली आणि पहिल्याच जूनमध्ये तिची एका हॉकीपटूशी ओळख झाली. इकडे आम्ही मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलो होतो. तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असे आणि ती दोघे सायकलवरून ऱ्हाईनकाठी फिरत. तिथला क्लब हॉकीचा हंगाम उन्हाळ्यात थांबलेला असतो, त्यामुळे खेळाडूला त्या दिवसांत सवड मिळते. सप्टेंबरपासून मात्र सराव, प्रवास आणि रविवारचे सामने सुरू होतात, आणि नात्याचा कस तेव्हाच लागतो. पावसात भिजत मैदानाच्या कडेला अभ्यासाची वही घेऊन बसणे तिने आनंदाने स्वीकारले, हे मला फार मोलाचे वाटते.

त्याने तिला ॲम्स्टेलवेनचे वाखेनर हॉकी मैदान दाखवले. 1973च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 2-2 अशा बरोबरीनंतर भारत तिथेच पेनल्टी स्ट्रोकवर हरला होता. माझ्या वडिलांना तो पराभव अजूनही सलतो. व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्या मुलाला पहिला प्रश्न त्याच सामन्याविषयी विचारला, आणि त्याने तो इतक्या आदराने सांगितला की, "पोरगं समजदार हाय," असे वडील आईला म्हणाले.